लग्नाळू अक्षरांची सभा

भाईंदर पश्चिमेला माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. तिथल्या एका फॉन्टला आम्ही 'लग्नाळू' म्हणतो. त्याच्या वेलांटीला मोराची मान, उकाराला पीळ, आणि मात्रा तर फेट्याच्या तुऱ्यासारखी उभी. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, कुठेही तो शोभतो. गंभीर मजकूर मात्र त्याला पेलवत नाही. एका दातांच्या डॉक्टरांनी हौसेने त्यात पाटी करून घेतली, तर बायका साड्यांचं दुकान समजून आत शिरायला लागल्या.

गेल्या वर्षी मुलीचा साखरपुडा ठरला, तोही घरीच. आम्ही मीरा रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि गच्ची आमच्या हॉलमध्ये गळत होती. पाहुण्यांच्या डोक्यावर पोपडे पडणार, या विचाराने माझी झोप उडाली. दुरुस्तीला सोसायटीच्या सभेची मंजुरी हवी, आणि आमच्याकडे सभेला काळं कुत्रं फिरकत नाही. सेक्रेटरींची नोटीस रुक्ष अक्षरात बोर्डावर लागते आणि तिथेच पिवळी पडते.

मी म्हटलं, या वेळी नोटीस मी छापतो. मजकुराला हात लावला नाही. तोच विषय, तीच वेळ. फक्त अक्षर लग्नाळू घेतलं आणि भोवती लाल किनार टाकली. मग घरोघर दाराखालून सरकवली.

सभेला बिल्डिंग लोटली. बायका गजरे माळून आल्या होत्या. पहिल्या मजल्यावरचे गुजराती काका पाकीट घेऊन आले. नोटीस कोणीच वाचली नव्हती, नुसती पाहिली होती.

"शादी किसकी है?" काकांनी विचारलं.

"गच्ची की," मी म्हटलं. "डामर के साथ."

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. पण नटूनथटून आल्यावर काहीतरी केल्याशिवाय परत कसं जायचं? सगळ्यांनी हात वर केले. गच्ची झाली, हॉलचं छत कोरडं ठणठणीत झालं, आणि मी महिनाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

साखरपुड्याच्या पत्रिका अर्थातच लग्नाळूतच छापल्या. बायको म्हणाली, "अहो, कुंकू लावून घरोघर सांगायला हवं." मी म्हटलं, "आपलं अक्षरच बोलतं," आणि पत्रिका दाराखालून सरकवून आलो.

साखरपुड्याला व्याही मंडळी वेळेवर आली. बिल्डिंगमधलं मात्र कोणीच नाही. भाड्याच्या खुर्च्या रिकाम्या. मुलीचे सासरे सहज म्हणाले, "शेजारपाजार दिसत नाही?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या घरी शेजारीही येत नाहीत, अशा माणसाची मुलगी ते करून घेत होते.

धावत खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गाऊनमध्येच दारात आल्या. "भाऊ, या वेळी काय, लिफ्ट का? आमचा बहुमताला पाठिंबा आहे हो. सही उद्या घ्या."

मी तोंड उघडायच्या आत मागून बायको आली, हातात कुंकवाची कोयरी. काकूंच्या कपाळाला कुंकू लावून एवढंच म्हणाली, "पोरीचा साखरपुडा आहे, सगळ्यांनी या." आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

थोड्याच वेळात हॉल भरला. कोणाच्या साडीच्या निऱ्या वाकड्या, कोणाचे केस ओले. गुजराती काकांनी आत येताना आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पक्का ना? हाथ ऊपर तो नहीं करना है?"

मुलीच्या बोटात अंगठी गेली, तेव्हा काकांनीच पहिला हात वर केला. मग काकूंनी, मग सेक्रेटरींनी, मग अख्ख्या बिल्डिंगने. व्याहीही गोंधळून हात वर करून बसले. मुलगी खो खो हसत होती. माझे गाल ओले झाले, आणि पाणी छतातून पडलं म्हणायचीही सोय उरली नव्हती.