समोरच्यांची निळी भिंत

आमच्या हॉलची एक भिंत विटकरी आहे. दार उघडलं की समोर तीच दिसते. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, वा, काय बोल्ड कलर घेतलाय, हिंमत लागते हो असा रंग लावायला! मी हसते आणि चहा ठेवायला आत जाते. हिंमत म्हणे. त्या भिंतीचा रंग ठरवताना मी जेवढी घाबरले तेवढी दहावीच्या निकालालाही घाबरले नव्हते.

मुलुंड पूर्वेला, सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं घर. एक आमची आणि एक बाबांची. आम्हा नवराबायकोला एक खोली बक्कळ होती, मूलबाळ नाही, पसारा नाही. दुसरी घेतली ती फक्त बाबांसाठी. आई गेल्यापासून ते मानखुर्दच्या खोलीत एकटे राहत होते. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस, आता गुडघे बोलायला लागलेले, दोनदा मोरीत घसरून पडलेले. आईला मी शेवटच्या दिवसांत शब्द दिला होता की बाबांना एकटं ठेवणार नाही. बाबा वर्षभर नाही नाही करत होते. शेवटी नवं घर झालं तेव्हा तयार झाले, आणि फोनवर एकच मागणं केलं. "दारासमोरची भिंत तेवढी निळी कर पोरी. बाकी सगळं तुझ्या मनाचं."

आम्ही बौद्ध. बघा, एवढं एक वाक्य लिहायला मला दोन परिच्छेद थांबावं लागलं.

मानखुर्दच्या आमच्या खोलीत दारासमोरची भिंत कायम निळी असायची. दरवर्षी जयंतीच्या आधीच्या रविवारी बाबा बादलीत चुना भिजवायचे आणि त्यात नीळ कालवायचे. आई ओरडायची, "अहो, जरा फिका करा, डोळ्यात खुपतोय." बाबा म्हणायचे, "खुपू दे की! दारातनं आत येणाऱ्याला कळाय पायजे, कुणाच्या घरात आला त्ये." मग त्यावर दोन तसबिरी लागायच्या, आमच्या सगळ्यांच्या घरी असतात त्याच. पुढे, माझं कॉलेज संपल्यावर, चुना गेला आणि ऑइलपेंट आला, पण रंग तोच राहिला. मी त्या भिंतीला पाठ टेकून बी.कॉम. केलं. ब्लाउजच्या पाठीला निळं लागायचं, कॉलेजात मुली विचारायच्या, हे काय गं? मी म्हणायचे, शाई.

म्हणजे खोटं बोलायची सवय जुनीच.

नव्या घरात पेंटरने पुट्टी, प्रायमर सगळं उरकलं आणि विचारलं, "मॅडम, हायलाइट कौनसा मारू?" एका भिंतीला गडद रंग द्यायचा आणि बाकीच्या तीन फिक्या ठेवायच्या, त्याला हे लोक हायलाइट म्हणतात. त्याने भिंतीवर तीन पट्टे मारून दाखवले. एक मेंदीसारखा हिरवा, एक विटकरी, एक निळा. निळा काय निळा होता! रिकाम्या हॉलमध्ये तो एकच पट्टा बोलत होता. बाकीचे दोन त्याच्या शेजारी आजारी दिसत होते.

"हाच," नवरा म्हणाला. "बाबा खूश होतील. फायनल कर."

"आणि लोक?"

"कोण लोक? घर आपलं आहे यार. कोण काय खातंय आपल्याला?"

इथे सगळं नवऱ्यावर ढकलता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण त्याची काही चूक नाही. तो निळाच म्हणत होता. नको म्हणाले ती मी.

त्यालाही कारण आहे. आधी आम्ही बोरिवलीला भाड्याने राहत होतो. शेजारच्या काकू फार मायेच्या. काही केलं की स्टीलच्या वाटीत घालून द्यायच्या. मी त्याच वाटीत काहीतरी घालून परत करायचे. रिकामी वाटी परत करू नये म्हणतात, म्हणून कधी शिरा, कधी नुसती साखर. दीड वर्ष ती एक वाटी दोन घरांत फिरत होती. मग एकदा बाबा राहायला आले, त्यांनी काकूंच्या नवऱ्याला जिन्यात आपला नेहमीचा नमस्कार घातला. त्या आठवड्यात साबुदाण्याची खिचडी आली ती प्लास्टिकच्या डब्यात. हॉटेलातून पार्सल येतं ना, तसल्या. वर काकू गोड आवाजात म्हणाल्या, "डबा परत नको हं, टाकून दिला तरी चालेल." संक्रांतीला मजल्यावरच्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं, मला नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुमच्यात करत नाहीत ना, म्हणून म्हटलं उगाच तुला त्रास." कुणी शिवी दिली नाही, कुणी दार आपटलं नाही. भांडायचं तरी कशावरून? डब्यावरून?

मी तो डबा टाकला नाही. धुऊन ठेवला. मुलुंडला येताना सामानाबरोबर तोही आला, आणि पेंटरने तीन पट्टे मारले तेव्हा तो माझ्या डोक्यात होता.

मी पट्ट्यांसमोर उभी होते तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आल्या. आमची दारं समोरासमोर. त्यांनाही नुकताच ताबा मिळाला होता, त्यांचं काम आमच्यानंतर हाच पेंटर करणार होता, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. बाई मोकळ्या, हसऱ्या. निळ्या पट्ट्याजवळ जाऊन म्हणाल्या, "अय्या, काय झकास आहे हो हा! हाच घेताय ना?"

माझ्या तोंडून फटकन निघालं, "छे हो! फारच भडक वाटतो. आम्ही विटकरी घेतोय."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. वहिनी म्हणाल्या, "मग मी घेऊ का? म्हणजे तुमची हरकत नसेल तर." मी म्हटलं, घ्या की, माझी कसली हरकत.

महिन्याभरात आमचं काम संपलं आणि बाबा आले. एक ट्रंक, एक काठी, आणि चादरीत गुंडाळलेल्या दोन तसबिरी स्वतःच्या छातीशी धरलेल्या. दारात चपला काढल्या आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मी आधीच बडबडायला लागले, बाबा, तो निळा उठून दिसत नव्हता, उजेड कमी पडत होता, पेंटरही नको म्हणाला. पेंटर बिचारा एक अक्षर बोलला नव्हता.

"विटंचाच रंग द्यायचा हुता," बाबा म्हणाले, "तर गिलावा कशापायी केला?"

नवरा खो खो हसला. मीही हसले. बाबा नाही हसले. मग तसबिरी कुठे लावायच्या ते विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या खोलीत लावूया. तुमच्या नजरेसमोर राहतील." ते हो म्हणाले. मी स्वतः खिळे ठोकले, सरळ लागल्यात ना ते चार वेळा पाहिलं. काम नीट केलं की मनाला टोचत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. बाबा सकाळी खाली चक्कर मारायचे, येताना पेपर आणायचे, तो अथपासून इतिपर्यंत वाचायचे आणि जेवताना मला त्यातल्या बातम्या विचारायचे. मला उत्तर आलं नाही की म्हणायचे, ऑफिसात काय झोपा काढतीस काय? त्यांच्या हाताचं लसणाचं तिखट वीस वर्षांनी रोज ताटात यायला लागलं. मी आईच्या फोटोला मनातल्या मनात म्हणायचे, बघ, आणलं की नाही?

समोरच्यांचं रंगकाम चालू होतं, पण त्यांचं दार बंद असायचं. त्या रविवारी सकाळी ते उघडं होतं. काम संपलं होतं आणि वहिनी आत लादी पुसून घेत होत्या. लिफ्टचा आवाज आला म्हणून मी बाबांसाठी आमचं दार उघडलं. बाबा लिफ्टमधून बाहेर पडले आणि तिथेच थांबले. समोरच्या उघड्या दारातून ती भिंत दिसत होती. अख्खी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळी.

बाबांचा चेहरा तेव्हा जसा खुलला तसा आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. काठी काखेत मारली, दोन्ही हात जोडले आणि उंबऱ्यापाशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम, ताई! आपलंच निगाला की तुमी! आन् ही पोरगी मला बोलली बी न्हाई!"

वहिनी हातात फडकं घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही समजलं नव्हतं, की समजलं होतं, देव जाणे. त्यांनी तोंड उघडलंही नव्हतं. त्यांना उघडू द्यायला हवं होतं. पण मला तो प्लास्टिकचा डबा दिसला आणि मी पुढे झाले.

"वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका हं," मी म्हणाले. "बाबांचं वय झालंय. हल्ली जरा गोंधळायला होतं त्यांना."

गोंधळायला होतं! ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या बोटीतून काय उतरवलं ते अजून पाठ आहे, त्याला.

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग हात खाली केले, काठी परत हातात घेतली आणि वहिनींना म्हणाले, "व्हय ताई. गोंधळच झाला माझा. माफी करा."

"अहो काका, माफी कसली, या ना, चहा घ्या," वहिनी म्हणाल्या. पण बाबा आमच्या घरात शिरले होते.

त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी त्यांना वेड्यात काढलं आणि त्यांनी माझी लाज राखायला स्वतः वेडेपणा कबूल केला. लेकीसाठी बापाने काय काय करायचं असतं, सांगा.

दुपारी नेहमीसारखे जेवले. पेपरातलं काही विचारलं नाही. हात धुऊन आल्यावर शांतपणे म्हणाले, "तुझ्या घरात मी कोण हाय, त्ये एकदा मला नीट सांगून ठेव. म्हंजी परत गोंधळ व्हायचा न्हाई."

मी रडले. नवरा माझ्यावर चिडला, कधी नव्हे तो ओरडला. बाबांनी त्यालाच गप्प केलं, "तिला बोलू नगा. तिनं बी सोसलंय." मंगळवारी त्यांनी ट्रंक भरली. तसबिरी चादरीत गुंडाळल्या. भांडण नाही, अबोला नाही, फक्त मला तिकडंच बरं वाटतं म्हणाले. टॅक्सीत बसताना तसबिरी मांडीवर घेतल्या आणि काच खाली करून म्हणाले, तिखट फ्रिजमध्ये ठेव, बाहेर ऱ्हाणार न्हाई.

गुरुवारी समोरच्या वहिनी खीर घेऊन आल्या. स्टीलच्या वाटीत.

खोटं कशाला बोलू? माझी नजर आधी वाटीवरच गेली आणि मला हायसं वाटलं. त्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की खीर मी नवऱ्यालाच दिली. माझं खोटं त्यांना पटलं म्हणून स्टीलची वाटी आली? की त्यांना खरं कळलं होतं आणि त्याचं काहीच वाटलं नव्हतं? दुसरं असेल तर मी बापाला फुकटच वेडं ठरवलं. विचारायची सोय नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागेल, आणि सांगायला जीभ उचलत नाही. मी वाटीत साखर घालून परत केली. "काका बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, गावी गेलेत.

पुढच्या रविवारी मानखुर्दला गेले. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मागे ती भिंत, दोन्ही तसबिरी परत जागेवर. मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, "बाबा, उद्याच पेंटरला बोलावते. निळी करते भिंत. हॉलमध्ये तसबिरी लावते. तुम्ही चला."

बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मी हाय तवर निळी ठिवशील," ते म्हणाले. "मी गेल्यावर?"

मग उठून त्यांनी शेजारणीला हाक मारली, पोरगी आलीय, जरा दूध दे गं चहाला. शेजारीण दूध घेऊन आली, तिच्यामागून अजून दोघी डोकावल्या. प्रत्येकीला बाबा हसून जय भीम म्हणत होते.

मीही म्हणाले. मोठ्याने, हात जोडून, प्रत्येकीला. तिथे म्हणायला काय जातंय माझं?