माहेरचं माणूस

बाप गेलेल्या बाईच्या दारात मी एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन हसत उभी राहिले होते, तिची चुलतबहीण म्हणून. एवढा गाढवपणा करायला एम.डी. व्हावं लागतं, साध्या बाईला तो जमत नाही.

तेव्हा मी नांदेडला एचआयव्हीवर संशोधन करत होते. गोळ्या सुरू झालेली माणसं मध्येच का सोडतात, हा माझा विषय. गोळ्यांत खंड पडला की विषाणू शहाणा होतो, मग त्याच गोळ्यांना तो जुमानत नाही. लोह्याकडच्या गावातली ही बाई अशीच एकाएकी आमच्या औषध केंद्रावर यायची थांबली. नवरा याच आजाराने गेलेला. गावात कावीळ सांगितलेली. आपलं दुखणं घरी कुणालाच ठाऊक नाही, असं ती म्हणायची. "घरी यायची येळ आलीच तर माहेरचं म्हणून या," एवढं तिने मला सांगून ठेवलं होतं.

मग काय, नाटकात काम मिळाल्यासारखा मला हुरूप आला! इरकल नेसले, ठसठशीत कुंकू लावलं, हिरव्या बांगड्या भरल्या. माझा जन्म लातूर शहरातला, शेतात पाय पडला तो हुरडा खाण्यापुरता. पण आरशात बघून वाटलं, तिच्या माहेरची, हदगावकडची शेतकरीण शोभते हो मी! चष्मा तेवढा आठवणीने पर्समध्ये टाकला. आणि पर्स खांद्याला लावून गेले.

भर दुपार होती. गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही, नुसतं बघत राहिलं. ओसरीवर सासू शेंगा फोडत बसली होती. आत अंधारात थोरला दीर जेवत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"माहेराहून आले, चुलतबहीण तिची," मी हसून म्हटलं आणि पेढे पुढे केले.

सासूने पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेंग फुटल्याचा आवाज आला.

"तिचा बाप जाऊन दोन महिने बी झाले न्हाईत," ती म्हणाली, "आन् पेढे?"

आमच्याकडे माणूस गेल्यावर माहेरचं कुणी पहिल्यांदा भेटलं की दोघी गळ्यात पडून मोठ्याने रडतात. हे मलाही माहीत होतं. बाप गेलाय, हे माहीत नव्हतं. तेवढ्यात ती आतून धावत आली, माझ्या गळ्यात पडली आणि तिने हंबरडा फोडला. त्या हंबरड्यातच माझ्या कानात कुजबुजली, "रडा की, बाई! रडा!"

रडू येईना. वॉर्डात डोळे कोरडे ठेवायचं शिक्षण घेतलेली मी, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "शांत व्हा. खोल श्वास घ्या."

तिने दंडाला असा चिमटा काढला की पाणी आलं एकदाचं. पण थोरला तोवर हात न धुताच बाहेर आला होता.

"कोन्या काकाच्या तुमी?"

"मधल्या," मी ठोकून दिलं.

तो नुसता हसला. ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तो तिथून हललाच नाही, आणि तिच्यासाठी नेलेल्या गोळ्या पर्समध्येच राहिल्या.

पुढचे काही दिवस केंद्राचं दार वाजलं की मी दचकायची. तिला मारलं असेल, हाकललं असेल. काहीच कळायला मार्ग नव्हता. पुन्हा जायची सोय मीच घालवलेली. आणि एका सकाळी बाकड्यावर, पेशंटच्या रांगेत, नाकापर्यंत पदर ओढून तिची सासू बसलेली. एकटी.

आत घेतल्यावर तिने चोळीतून सुनेचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हाय जित्ती. थोरला तिला उंबऱ्याभाईर पडू देईना. तिनंच मला धाडलंय. माझं धाकटं लेकरू कशानं गेलं ते मला कळंना व्हय? कावीळ म्हनं! मी बी गावाला तेच सांगितलं. थोरल्याला कळलं तर तो हिला एक दिस घरात ठेवायचा न्हाई. धाकट्याच्या वाट्याचं रान पायजे त्याला. गोळ्या माझ्याकडं द्या, मी घालते खायला."

मी डब्या दिल्या, वेळा समजावल्या. तिने त्या ज्वारीच्या पिशवीत खोल दाबल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते. "म्हणजे माझं सोंग निभावलं म्हणायचं!" मी म्हटलं.

दाराशी पोचलेली ती मागे वळली.

"निभावलं कुठं, डाक्टरीणबाई? थोरला उद्या पहिल्या गाडीनं हदगावला चाललाय, मधल्या काकाला पोरी किती हायत ते बघाया. तुमी आजच जा. तिच्या मायला सांगा, तुमी तिच्या कोन लागता ते."