आईच्या जागेवर

सिनेमाच्या वर्गात आम्हाला मोठं होण्याची गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा मला जराही विचार करावा लागला नाही. असे सिनेमे मी ढिगाने पाहिले होते. शाळेनंतरची लांबलचक सुट्टी, बापाशी कडाक्याचं भांडण, फसलेलं पहिलं प्रेम, आणि शेवटी पोरगा बॅग उचलून गाव सोडतो. मीही तेच लिहिलं. माझा नायक डोंगरात राहायचा. मी स्वतः प्रभादेवीची, कोळ्याची पोर. डोंगर पाहिला तो शाळेच्या सहलीत.

बाईंनी वाचून पानं परत दिली. "नीट लिहिलंयस. पण हा मुलगा तुझ्या ओळखीचा आहे का गं?"

चिडून घरी आले, तर आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाजारातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला होता. आई दादरला मासे विकते.

"उद्यापासून तू बस," ती म्हणाली. "वर्ग दुपारचा आहे ना तुझा?"

मासे मला साफ करता यायचे, विकता यायचे नाहीत. पहिल्या दिवशी लाजेने तोंडातून आवाजच फुटेना. शेजारच्या पाटावरची मावशी म्हणाली, "गो, पापलेटं काय आपणहून बोलणार हायेत?" गिऱ्हाइकं येत, आईची चौकशी करत आणि मी सांगेन त्याच्या निम्म्या भावात मासळी घेऊन जात. दुपारी वर्गात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. साबणाने कितीही हात धुतले तरी वास जात नव्हता.

आठवड्याभराने एक बाई आल्या. सुरमईचे कल्ले उचकून म्हणाल्या, "शिळी दिसतेय."

मी कोयता खाली ठेवला. "ताई, सकाळी धक्क्यावरून मी उचललीय. शिळी वाटत असेल तर नका घेऊ. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

दुसरं कोणीच उभं नव्हतं. बाईंनी अख्खी सुरमई घेतली, वर तुकडे कसे हवेत तेही अदबीने सांगितलं. मावशी खदखदून हसली. "आवशीसारखीच बोलली गो!" त्या दिवशी मी वर्गात गेले ती हात न लपवता.

डोंगरातला मुलगा मी सोडून दिला आणि हे लिहिलं. प्लास्टर निघाल्यावर आम्ही त्याची छोटी फिल्म बनवली. आई आईच झाली, मावशी मावशी. आईला एकच तक्रार होती, की एवढीशी बोंबलाची टोपली काय दाखवायची!

फिल्म दाखवली त्या दिवशी ती गजरा माळून पहिल्या रांगेत बसली. दिवे लागल्यावर वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "पण शेवटी ती मुलगी घर सोडत का नाही?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आईच म्हणाली, "का सोडेल रे? घरी बरं चाललंय की तिचं."

सगळे हसले, वर्गाच्या बाईसुद्धा. मीही हसले, कारण ते खरंच होतं.