टोपी कुणाकडं हाय?

हेमलता नाखवा माझ्याशी बोलल्या ते पहिले वाक्य ‘डोकं खाली कर’ असे होते. मी ते केले. सांगितलेले निमूटपणे करावे आणि मग आपले काही चुकले का, याचा विचार करीत बसावे, हा माझा तेव्हापासूनचा स्वभाव आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर कोळ्यांची लाल, कंगोऱ्यांची टोपी चढवली, ती किंचित तिरकी केली, मागे सरून पाहिले आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले, “आता फाइल याच्याकडं! दुसऱ्या कुनी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय!”

“सॉरी,” मी म्हणालो.

“सॉरी कशाला? अजून काय केलंच नाय तू!”

तेव्हापासून मी त्यांचा ‘सॉरीभाऊ’ झालो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बनवणाऱ्या ठाण्याच्या एका लहानशा कंपनीत मी आराखडे विभागात होतो आणि बाळकुमच्या हेमाताई टायपिंगच्या खोलीत. कॉम्प्युटर आले तशा त्या खोलीतल्या बाकीच्या बायका एकेक करून घरी गेल्या. हेमाताई तेवढ्या उरल्या. मग मालक प्रधानसाहेबांनी सगळे कॉम्प्युटर तारांनी एकमेकांना जोडून घेतले. निविदेची फाइल आता एकच असणार होती. ती सामाईक जागी राहायची आणि प्रत्येक विभागाने आपापल्या टेबलावरून तिच्यात आपले पान लिहायचे. या फाइलीची राखण हेमाताईंकडे आली, पण अटीसह.

“नाखवाबाई,” साहेब अवघडून म्हणाले होते, “कल्याणचं टेंडर यातून वेळेवर गेलं, तर तुमची जागा पक्की. नाही गेलं, तर या तारा काढून टाकू आणि...”

“‘आणि’च्या पुढचं ऐकू आलं, साहेब,” ताई म्हणाल्या. “तुमी नका बोलू. तुमाला जमायचं नाय.”

काम सुरू झाले आणि लगेच थांबले. कोणीही फाइल उघडायला गेले की पडद्यावर सूचना येई: ही फाइल सध्या प्रधानसाहेब वापरीत आहेत. मालक स्वतः वाचीत असताना मध्ये लुडबुड कोण करणार? आम्ही आदबीने माघार घेत असू. सकाळी साहेब वाचीत, दुपारी साहेब वाचीत, साहेब पुण्याला गेले असतानाही साहेब वाचीतच. हिशेब विभागातले खरे नावाचे गृहस्थ सूचना दिसताच खुर्चीतून अर्धवट उठून उभे राहत. साहेबांच्या व्यासंगाविषयी सर्वांच्या मनात धाक उत्पन्न झाला होता आणि निविदेचे एक पानही पुढे सरकत नव्हते.

अखेर हेमाताई तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. साहेबांच्या कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचे आवरण होते, आवरणावर जास्वंदीचे फूल होते, आणि दसऱ्याला पूजा झाल्यापासून ते यंत्र कोणी चालूच केलेले नव्हते. उलगडा झाला तो असा: कॉम्प्युटर बसवणाऱ्याने प्रत्येक यंत्रात वापरणाऱ्याचे नाव म्हणून मालकांचेच नाव घातले होते. फाइल कोणीही उघडो वा उघडी ठेवून विसरो, बाकीच्यांना नाव साहेबांचे दिसे. आठवडाभर आम्ही एकमेकांना भिऊन बसलो होतो.

ती नावे बदलून घेता आली असती. परंतु बसवणारा गावी गेला होता आणि हेमाताईंना थांबणे ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या सासऱ्यांची हळदीत नाचायची टोपी घेऊन आल्या. ज्याच्याकडे फाइल उघडी, त्याच्या डोक्यावर टोपी. फाइल बंद केल्याशिवाय टोपी उतरवायची नाही. कारण विचारले की त्या म्हणत, “आमच्या होरीवर जालं सगलेच वढतात, पन सुकानू एकाच्याच हातात.” आणि कोणी फाइलीची प्रत काढून गुपचूप स्वतःकडे लिहू लागला, तर मागे येऊन उभ्या राहत: “दुसरी होरी काढायची नाय!”

त्या टोपीने आमच्या ऑफिसचे काय केले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. कधी न हसलेले खरे टोपी घालून बेरजा करू लागले आणि गुणगुणू लागले. टोपी हवी असणारे टेबलाभोवती उभे राहून टाळ्या वाजवीत. “खरे, उतरवा आता, डोकं तापेल!” “थांब रे, एक टक्का राहिलाय!” मला टोपी मिळाली की मी आधी आसपासच्यांची क्षमा मागत असे. “सॉरी नंतर,” ताई ओरडत, “आधी पान लिही!” साहेब केबिनच्या काचेतून हे सारे पाहत. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे, तो नापसंतीचा आहे अशी माझी समजूत होती. तो हेव्याचा होता, हे निविदा देण्याच्या दिवशी कळले.

निविदा दुपारी तीनपर्यंत कल्याणच्या सरकारी कार्यालयात पोचायची होती. सकाळी आम्ही आलो तो खुंटीवर टोपी नाही. फाइल उघडायला गेलो तो पडद्यावर तीच सूचना: प्रधानसाहेब वापरीत आहेत. त्या दिवशी प्रथमच कॉम्प्युटर खरे बोलत होता. केबिनला कुलूप होते. वॉचमन म्हणाला, “साहेब पहाटेच आलेले. मग टोपी घालून गाडीत बसले, डोंबिवलीला गेले. पुतणीचा साखरपुडा आहे ना. मला वाटलं, त्यांच्यात घालत असतील.”

मी मंगल कार्यालयात फोन लावला. “प्रधानांना बोलावता का?”

“अहो, इथं अर्धं कार्यालय प्रधान आहे,” पलीकडचा वैतागला.

“लाल टोपी घातलेले.”

“हां, ते होय! मग आधी सांगायचं की!”

साहेब फोनवर आले. “अविनाश, मी फक्त वर ‘श्री’ लिहिलं आणि काम पुरं करण्याची मुदत बदलली. किती महिने केली, ते त्या गडबडीत डोक्यातून गेलं; पण पडद्यावर आहे. मग मला त्यातून बाहेरच पडता येईना. फाइल उघडी म्हटल्यावर टोपी उतरवायची कशी? व्याही मंडळी सारखी बघतायत रे.”

ताईंनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला. “साहेब, टोपी उतरवू नका. मी येते.”

कालची प्रत छापून पाठवू या, असे खऱ्यांनी हळूच सुचवले. “त्यात मुदत जुनी हाय!” ताईंनी बजावले. मग टेबल दाराशी ओढले, त्यावर स्टूल ठेवले, पदर खोचला आणि दारावरच्या झडपेला हात घातला.

“ताई, मी चढतो,” मी म्हणालो.

“तू आत पडशील आनि त्या खुर्चीची माफी मागत बसशील. स्टूल धर!”

त्या निम्म्या आत गेल्यावर थांबल्या. मला वाटले, अडकल्या. पण त्या हसत होत्या. स्टूल, टेबल, मी, सारे त्या हसण्याने हलू लागले. “अरे सॉरीभाऊ, नारल! साखरपुड्याचा नारल कीबोर्डवर ठेवून गेलाय बाबा! सकालपासून नुसतं ‘म, म, म’ चाललंय. पान वाढतंयच!”

त्या आत कोसळल्या, त्या साहेबांच्या फिरत्या खुर्चीत. खुर्चीने त्यांना एक गिरकी देऊन बरोबर कॉम्प्युटरसमोर आणून ठेवले. नारळ उचलला गेला. शेकडो पाने भरलेला तो मकार पुसला गेला. खाली ‘चौदा महिने’ सुखरूप होते. वरचा ‘श्री’ ताईंनी तसाच ठेवला.

छापलेली पाने आणि नारळ मांडीवर घेऊन आम्ही कंपनीच्या जीपने डोंबिवलीला पोचलो, तेव्हा पंगत बसली होती. साहेब मुख्य पाटावर, सुटाबुटात, लाल टोपीत. त्यांनी उजवा हात धुतला आणि जिलबीचे ताट बाजूला सारून सह्या केल्या. मग त्यांनी ताईंसमोर आपणहून मान खाली केली.

“फाइल बंद झाली,” ताईंनी भर पंगतीत घोषणा केली आणि टोपी उचलली. वराकडच्या मंडळींनी, कशासाठी ते न कळताच, टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, “नाखवाबाई, तुमची जागा पक्की.”

“आधी कल्यानला पोचू द्या,” ताई म्हणाल्या. आणि जीपमध्ये बसल्यावर, कल्याणचा पत्री पूल येईपर्यंत, टोपी तोंडावर धरून रडल्या. मी विचारले, ताई, काही चुकले का? “गप रे,” त्या म्हणाल्या, “नारल द्यायचा राहिला. फोड आता.”

निविदा वेळेत पोचली. काम दुसऱ्याच कंपनीला मिळाले, पण तारा काढण्याचे नाव साहेबांनी पुन्हा घेतले नाही. हेमाताई निवृत्तीपर्यंत त्या फाइली राखीत राहिल्या.

आता मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात आहे. आमचे दस्तऐवज इंटरनेटवर असतात आणि दहाजण एकाच पानावर एकाच वेळी लिहितात. दोन वर्षांपूर्वी बाळकुमला ताईंना भेटायला गेलो, तेव्हा मोबाइलवर ते दाखवले. निरनिराळ्या रंगांच्या रेघा पानभर धावत होत्या, प्रत्येकीवर एकेक नाव.

“आनि सुकानू?” त्यांनी विचारले.

“कुणाकडेच नाही. सगळ्यांकडे.”

“मग बुडत कशी नाय?” त्या मोबाइलवर वाकल्या, आणि एकाएकी त्यांच्या डोळ्यांत तीच जुनी चमक आली. “दे इकडं.” एका बोटाने, सावकाश, त्यांनी पानाच्या शिरोभागी लिहिले: टोपी कुणाकडं हाय?

पानावरच्या साऱ्या रेघा जागच्या जागी थांबल्या. मग कोणीतरी लिहिले, ‘कसली टोपी?’ दुसऱ्याने लिहिले, ‘सर, हे तुम्ही लिहिलंत का?’ ताई इतक्या हसल्या की सुनेला पाणी आणावे लागले.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. आमची प्रत्येक नवी निविदा त्याच पानाची नक्कल करून सुरू होते आणि बाहेर पाठवण्यापूर्वी ती पहिली ओळ काढावी लागते. मूळ पानावरून मात्र मी ती काढलेली नाही, आणि इतर कोणी काढायला लागले तर नको म्हणतो. नव्याने आलेली मुले विचारतात, “सर, टोपी कुणाकडं आहे?” मी सॉरी म्हणत नाही. “डोकं खाली कर,” म्हणतो, आणि सांगू लागतो.