माफी नाई मांगत

“तू चपलांपाशी बस. तुला सवय असेल.”

विभागप्रमुख सर हे ओरडून म्हणाले नाहीत. रागानंही नाही. हजेरी घेता घेता, मान खाली घालून म्हणाले. सगळे हसले. माझ्यासोबत हिंगणघाटहून एसटीत उभ्यानं येणारी मुलगीही हसली.

वर्ध्याचं कॉलेज. दोन हजार सालानंतरचे दिवस. बी.एस्सी. झाल्यावर मी बायोइन्फर्मेटिक्सच्या पदविकेला प्रवेश घेतला होता. कोर्स नवीनच निघाला होता. कोणत्याही जिवाचा जीन म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि ती ओळ कॉम्प्युटरवर वाचता येते, एवढंच मला तेव्हा कळलं होतं. तेवढ्यानंच वेड लागलं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. आत धूळ चालायची नाही म्हणून चपला दाराबाहेर. मुलं जास्त, मशीन कमी. कुणाला तरी बाहेर थांबावं लागणारच होतं. शिवाय चपला चोरीला जात होत्या म्हणे. सरांनी नावं वाचत आणली आणि माझ्या आडनावावर थांबले. आम्ही चांभार, हे कळायला आडनाव पुरत होतं. माझे बाबा हिंगणघाटजवळच्या वडनेरला चौकात जोडे शिवतात.

मी बसले. त्या दिवशी बसले, पुढच्या वेळीही बसले. दर वेळी सर म्हणत, “नेक्स्ट टाइम तुझा नंबर.” माझा नंबर आला नाही. दाराला काच होती. काचेतून लांबून स्क्रीन दिसायचा. त्यावर रंगीत अक्षरं सरकायची. मी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न करायची. कुणाची पाठ आडवी आली की तेही बंद.

मग एक दिवस सेलूकडचा एक मुलगा मध्येच बाहेर आला. घरची मोठी शेती. पोरगा चांगला, माझ्याशी कधी वाकडं बोलला नव्हता. त्यानं आपली चप्पल माझ्यापुढे सरकवली.

“अंगठा तुटला. पाहून दे ना जरा. सायंकाळी हिंगणीले जाचं आहे.”

त्याच्या मनात काही नव्हतं. तेच झोंबलं. टोमणा असता तर उलटून बोलले असते. त्याला खरंच वाटत होतं की हे माझंच काम. आणि माझा हात पुढे गेला होता. अंगठा कुठून सुटलाय हे माझी बोटं दाबून पाहू लागली होती. लहानपणापासून बाबांजवळ बसून शिकलेली बोटं. त्या बोटांची मला लाज नव्हती, आजही नाही. पण मी इथे फी भरून आले होते. कॉम्प्युटर शिकायला आले होते.

चप्पल खाली ठेवली. उठले. माझ्या चपला पायात घातल्या आणि दार ढकललं.

थंडगार हवा तोंडावर आली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते.

“चपला!” सर ओरडले.

“तुमीच सांभाळाले सांगतल्या नं सर? माह्या मी सांभाळून राह्यली.”

कुणी हसलं नाही. त्या सेलूच्या मुलाची खुर्ची रिकामी होती, तीवर जाऊन बसले. माउसला हात लावला. रंगीत अक्षरं सरकली. सरांनी शिपायाला बोलावलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघेना. शेवटी सरांनी मेन स्विचच पाडला. सगळे स्क्रीन काळे झाले.

“उद्या बापाला घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी बाबा आले. लग्नाकार्यात घालायचा शर्ट घालून. सरांच्या केबिनबाहेर त्यांनी जोडे काढले. तिथे तसा नियम नव्हता. आत जाऊन हात जोडून उभे राहिले. समोर खुर्ची होती. सर बसा म्हणाले नाहीत.

“पोरीची चूक झाली सर.”

“हुशार आहे तुमची मुलगी,” सर म्हणाले. “पण नुसती हुशारी काय कामाची? संस्कार लागतात. ते घरी मिळावे लागतात. माफी मागू द्या, विषय संपला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून अंगावर येते. ते सांगत नव्हते, विनवत होते.

“नाई मांगत,” मी म्हणाले.

कोर्समधून नाव कमी झालं. कारण, बेशिस्त वर्तन.

परतताना एसटीत बाबा खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, “काऊन नाई मांगितली माफी? दोन शब्द तं होते.”

“तुमाले ते दोन शब्द वाटले, बाबा?”

त्या दिवसापासून मला दोन कामं होती. एक, हे शास्त्र शिकायचं. दुसरं, त्या माणसाला सोडायचं नाही.

हिंगणघाटच्या बाजारात किराणावाल्या सेठच्या मुलानं सायबर कॅफे काढला होता. त्याला माझ्या जातीशी देणंघेणं नव्हतं. मी तास संपल्यावर उठते की नाही, एवढंच तो बघायचा. “दीदी, टाइम हो गया,” म्हणायचा. सकाळी शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि दुपारी त्याच्याकडे बसायची. जगभरच्या प्रयोगशाळा आपापल्या अक्षरांच्या ओळी इंटरनेटवर ठेवतात. फुकट, कुणालाही. गहू, उंदीर, माणूस, कापूस. आपल्या हातातली ओळ त्या सगळ्या ओळींशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ब्लास्ट म्हणतात. मी ब्लास्ट तिथे शिकले. शेजारी पोरं पत्त्यांचा गेम खेळायची, माझं पान अर्धं उघडायचं आणि लाइट जायची. पर्ल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा मी कागदावर लिहून शिकले. घरी मशीन नव्हतं. माय विचारायची, “हे काय लिहून राह्यली वो, ना मराठी ना इंग्रजी?” मी सांगायची. ती ऐकून घ्यायची.

मग प्रवेशपरीक्षा देऊन पुण्यात याच विषयाचं एम.एस्सी. तिथून हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी. बाहेरून आलेला जीनचा डेटा तपासणं, त्यातली घाण काढणं, हे माझं काम. मी त्यात चांगली होते. माझ्याकडून गेलेलं काम कधी परत आलं नाही. कंपनीत मान मिळाला, बढती मिळाली. राग मात्र जसाच्या तसा होता. तो कमी होऊ नये याची मी काळजी घेत होते.

एका रविवारी बाबांचा फोन आला. “तुहे ते वर्ध्याचे सर पेपरात आले. बोंडअळीचा नवीन जीन शोधला म्हणे. सत्कार झाला.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

त्याच संध्याकाळी सरांचा शोधनिबंध शोधून काढला. नियमाप्रमाणे त्यांनी जीनची ओळ सार्वजनिक साठ्यात ठेवली होती. ती उचलली. ताडून पाहिली.

तो बोंडअळीचा जीन नव्हताच. प्रयोगशाळेत जीनचा तुकडा बॅक्टेरियात पाठवायला एक वाहक डीएनए वापरतात. अळीची ओळ वाचताना त्याची अक्षरं तिला चिकटून येतात. ती आधी कापून टाकायची असतात. सरांनी कापली नव्हती. त्या वाहकालाच अळीचा नवा जीन ठरवून गळ्यात हार घालून घेतले होते.

मी पुन्हा पाहिलं. वेगळ्या पद्धतीनं पुन्हा. माझी एक चूक निघाली असती तर त्यांना तेवढंच पुरलं असतं. चूक नव्हती. मग तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. पुरावे जोडले, खाली पूर्ण नाव घातलं. आडनावासकट.

संपादकांनी माझं पत्र पाठवून सरांकडे खुलासा मागितला. सर मला भेटायला आले नाहीत. ते वडनेरला गेले. चौकात गाडी थांबवून बाबांच्या दुकानापाशी, खाली पोत्यावर बसले. तिथून बाबांनी मला फोन लावला.

“सर आले आहे. मले भाऊ म्हणले. आपल्या इथचा चहा पेले. तू ते परत घेऊन टाक नं. मोठा माणूस आहे वो.”

मग सरांचा आवाज. “बेटा, चूक कुणाकडूनही होते. मी तुझा गुरू आहे.”

“तुम्ही मला काय शिकवलं, सर?”

ते म्हणाले, “तू हे सूड म्हणून करते आहेस.”

“हो.”

“कबूल करतेस?”

“हो सर, सूडच आहे. आणि तुमची चूकही खरी आहे. मी सूड सोडला म्हणून तो अळीचा जीन होणार नाही. खुलासा संपादकांना द्या. माझ्या बाबांना द्यायचा नाही.”

शोधनिबंध मागे घेतला गेला. ती बातमी कोणत्या पेपरात आली नाही. पण कॉलेजात पोहोचली. सर प्राचार्य व्हायचे होते, झाले नाहीत.

बाबा माझ्यावर रुसले. मी दिवाळीला घरी गेले तर म्हणाले, “तू त्याचं तोंड नाई पाह्यलं. रडाले आलता तो.”

“माहं तोंड पाह्यलं होतं का त्यानं?”

बाबा उठून बाहेर गेले. माय चुलीपाशी होती. इतक्या वर्षांत ती या विषयावर कधी बोलली नव्हती. म्हणाली, “बरं केलं.” आणि भाकरी उलटवली.

लोक मला सांगतात, झालं ना आता, मोकळी हो. दुसऱ्या कुणाच्या निबंधात ही चूक असती तर मी इतक्या ईर्षेनं लिहिलं असतं का, असंही विचारतात. माहीत नाही. त्याचं उत्तर द्यायला मी कुणाला बांधील नाही.

सरांचे आणखी शोधनिबंध आहेत. सगळे इंटरनेटवरून उतरवून घेतलेत. नोकरीतून वेळ मिळेल तसा एकेक तपासते आहे. बरोबर असेल ते बरोबर लिहीन, त्यात काडीचा फरक करणार नाही. चूक असेल ते सोडणार नाही. ते रिटायर होतील, म्हातारे होतील, पुन्हा बेटा म्हणतील. तरी सोडणार नाही.