नवव्या रकान्यातलं शून्य

माझ्या कमलामावशीनं बारा वर्षांत पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांना, काडी लावलेली नाही. वडनेरात हे सांगितलं की लोक हसतात. शेवटचा कापूस वेचून झाला की इथं शिवारभर पऱ्हाटीचे ढीग पेटतात, आठ-दहा दिवस डोळे चुरचुरतात, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मावसाजींना, म्हणजे प्रेमदासरावांना, दम्याचा त्रास. एका वर्षी ते धुरानं इतके बेजार झाले की मावशीनं ठरवलं, आपल्या वावरात तरी हे होणार नाही. ती पऱ्हाटी उपटायच्या लोखंडी चिमट्यानं एकेक झाड उपटायची, कुऱ्हाडीनं बारीक तोडायची आणि खड्ड्यात शेणपाण्यासोबत मुरवून खत करायची. खत पाहून शेजारणी आल्या. एकवीस जणींचा बचत गट झाला.

पण बारा वर्षांत हात थकले. आनंदाबाईंचं मनगट तर पार कामातून गेलं. त्यांचं वावर मावशीच्या धुऱ्याला लागून आहे. त्यांनी यंदा सरळच सांगून टाकलं, "कमले, पऱ्हाटी कुटाची मशीन आली तं ठीक. नाई तं औंदा मी काडीच लावीन." त्यांच्यामागं आणखी सात-आठ जणी होत्या. एक गेली की गट फुटणार, हे मावशीला दिसत होतं.

तेवढ्यात एका संस्थेची जाहिरात आली. हवेतला कार्बन कमी करणाऱ्या गावच्या कामांना निधी. त्यात मशीन येणार होती. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे, त्यामुळे अर्ज भरायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. नववा रकाना होता 'आधारभूत उत्सर्जन'. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याला एकदा माझ्या काउंटरवर बसवायला हवं. मी आनंदाबाईंना तो वाचून दाखवला तर त्या चिडल्याच. "आधार कार्ड तं काल देलं ना तुले! पुन्हा काऊन मांगून राह्यला?" दुसऱ्या दिवशी एकवीस आधार कार्डांच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर.

अर्थ साधा होता. आजवर किती जाळलं ते लिहा. त्यातून किती कमी करणार, त्यावर निधी. आता न जाळणाऱ्यांनी काय लिहायचं? मी अशा हजार अर्जांत मुरलेला माणूस. ठोकून दिलं, चाळीस एकर.

रविवारी विहारात वंदना झाली, पंचशील झालं आणि मग मी अर्ज वाचायला उभा राहिलो. "गटातील एकवीस महिला दरवर्षी चाळीस एकरांतील पऱ्हाटी जाळतात..."

"थांब," मावशी म्हणाली. "धम्मदीप, आताच काय म्हटलं आपण सारे?"

"काय म्हटलं?"

"चौथं शील. खोटं बोलनार नाई म्हून. पाच मिनिटं तं टिकू दे!"

बाया हसल्या. मी नाही हसलो. मला राग आला होता. गावात सगळे असंच लिहितात, मशिनी येतात, आणि हिला कुठून सत्याचा पुळका? मी म्हटलं, "मावशी, शून्य लिहिलं तं मशीन गेली समज."

"गेली तं गेली. बारा वर्सं हात घासले, अन् कागदावर म्या जाळलं म्हून सांगू? शून्य लिव."

आनंदाबाई उठून निघून गेल्या. मी शून्य लिहिलं.

डिसेंबरात संस्थेचा प्रफुल नावाचा माणूस पाहणीला आला. पोरगा चांगला होता, त्यानं खड्डे पाहिले, खत हातात घेऊन वास घेतला, खूश झाला. मग मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात मावशीला म्हणाला, "मावशी, यंदा एका एकराला आग लावा. फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी बंद केलं की तुम्ही नियमात बसता."

मावशीनं पदर खोचला. आम्ही घरचे याला भितो.

"म्हंजे बारा वर्सं जाळलं नाई त्याले काई नाई, अन् जाळून थांबला त्याले मशीन?"

"नियम आहे मावशी. मी काय करू?"

"तू लिव. डोळ्यानं पाह्यलं ते लिव. धूर किती, राख किती. अन् खाली सही कर."

त्यानं लिहिलं. सहीसुद्धा केली. जाताना तो मावशीच्या पाया पडला, हे मात्र मला आवडलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. मी दुकानात वाचलं तेव्हा सगळ्या जणी उभ्या होत्या, आनंदाबाई दारात, आत न येता. त्यांच्या वावरात पऱ्हाटी वाळून उभी होती. "प्रत्यक्ष पाहणीअंती आपल्या क्षेत्रात कोणतेही उत्सर्जन आढळून आले नाही. सबब निधी मंजूर करता येत नाही."

मावशीनं डोळे पुसले. मी तिला डोळे पुसताना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला त्या संस्थेचा, त्या नियमाचा आणि माझ्या चाळीस एकरांचाही भयंकर संताप आला.

"पुन्हा वाच," आनंदाबाई दारातून म्हणाल्या. "पयलंच वाक्य."

मी वाचलं.

"असं लिवलं त्यायनं? शिक्का हाये?"

"आहे."

"मंग म्या काडी लावली तं हा कागद खोटा पडंल." त्या आत आल्या आणि पत्र दुखऱ्या हातानं टेबलावर सपाट केलं. "याले प्लास्टिक लाव. विहारात टांगू. पाहू दे साऱ्यायले."

मी लॅमिनेशनची मशीन गरम केली. मावशी तोवर सगळ्यांनी मिळून कोणाचं वावर कधी उपटायचं ते ठरवत होती. पहिला दिवस आनंदाबाईंच्या वावराचा ठरला.

"उद्या सकाळी सहाले," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "तू बी येजो, धम्मदीप. चिमटा मी देतो. चाळीस एकर जाळली होती ना तू?"