पैकीच्या पैकी

आमची वहिनी स्वभावाने गरीब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला कामावर पाहिलेलं नाही. घरात ती दादाच्या मोज्यांची जोडी शोधता शोधता रडकुंडीला येते. पण रुग्णालयाच्या तळघरात, जिथे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, तपासून, कापडात बांधून वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करतात, तिथे मोठमोठ्या सर्जनचंही तिच्यापुढे काही चालत नाही. एक डॉक्टर एकदा घाईघाईत बाहेरच्या बुटांसकट आत शिरले, तर म्हणाली, "डॉक्टर, तुमचे पाय तेवढे बाहेर ठेवून या." ते खरोखरच बूट काढून आले.

मला हे माहीत, कारण त्या तळघरातली हिरवी कापडं मी शिवते. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. दुहेरी कापड, चारी कडा दुमडून शिवलेल्या, कुठे टाचणीएवढंही भोक नको. भोक निघालं की वहिनी नातं विसरते. दादा मला लहानपणापासून टिटवी म्हणतो, कारण मी बोलायला लागले की थांबत नाही. पण तिने कापड उजेडात धरलं की टिटवीसुद्धा चूप.

तिने तिथे एक रीत पाडली होती. कुणालाही, अगदी काल कामाला लागलेल्या बाईलाही, एखाद्या पुडक्याबद्दल शंका आली की तिने मोठ्याने "परत" म्हणायचं. एवढंच. मग ते पुडकं उघडायचं, हत्यारं पुन्हा धुवायची, सगळं पहिल्यापासून करायचं. का म्हणालीस, असं कुणी विचारायचं नाही. शंका खोटी निघाली तरी हसायचं नाही. नव्या बायकांना ती पुडक्यावरची चिकटपट्टी दाखवायची. वाफ लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. "रेघ काळी म्हणजे पुडकं मशीनमध्ये जाऊन आलं, इतकंच," ती सांगायची. "आतली कात्री कशी आहे ते पट्टीला विचारू नका."

मग वरून फर्मान आलं. विभागातल्या प्रत्येकीने सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची. घरी बसून, कॉम्प्युटरवर, देखरेखीला कुणी नाही. वाफेचं सगळं वहिनीला येत होतं. पण निम्मा पेपर गॅसच्या मशीनवर होता. शरीराच्या आत बघायच्या नाजूक दुर्बिणी उष्णता सोसत नाहीत, त्यांच्यासाठीचं हे मशीन. ते अजून रुग्णालयात यायचंच होतं. अभ्यासाला पुस्तक मिळालं होतं. ती ते रोज हातात घेऊन आडवी व्हायची आणि दुसऱ्या पानाच्या आत घोरायची.

परीक्षेच्या दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यापुढे वहिनी आणि शेजारी मोबाइल घेऊन दादा. पडद्यावर पहिल्यांदा एक चौकोन आला. 'ही परीक्षा मी कोणाच्याही मदतीशिवाय देत आहे.' वहिनीचा हात थबकला.

"अहो, हे काय लिहिलंय बघा."

"कर खूण. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही," म्हणत दादाने माउस घेतला आणि स्वतःच खूण केली. मदत घेत नाही हे सांगायलाही हिला मदत लागली, म्हणून मी खो खो हसले. वहिनी हसली नाही.

पहिला निम्मा पेपर तिने एकटीने सोडवला, दादाला तोंड उघडू दिलं नाही. गॅसच्या मशीनचे प्रश्न आले आणि ती अडली. घड्याळ पळत होतं. दादाचा अंगठा मोबाइलवर चालू लागला. "तिसरा पर्याय. आता दुसरा. अगं, वाचत काय बसलीस?"

"समजून तरी घेऊ द्या मला."

"मशीन आल्यावर समजून घे. सगळे असंच देतात."

दादा वाईट माणूस नाही. बायकोचा उतरलेला चेहरा त्याला बघवत नाही, एवढाच त्याचा दोष. आणि तिने त्याचं ऐकलं, हा तिचा.

तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. अख्ख्या विभागात तिला एकटीलाच. मेट्रनबाईंनी, म्हणजे त्यांच्या वरिष्ठांनी, हौसेने सर्टिफिकेटला चौकट करून ते तळघराच्या भिंतीवर लावलं. मी अभिनंदन करायला गेले, तर वहिनी कापडांच्या घड्या मोजत राहिली. "टिटवे, त्यातले निम्मे गुण तुझ्या दादाचे आहेत," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती डबा खायला भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. कुणी सर्टिफिकेटचं नाव काढलं की तिचे कान लाल व्हायचे, आणि सगळ्यांना वाटायचं, किती विनयशील बाई आहे! त्याचा तिला जास्तच त्रास व्हायचा.

गॅसचं मशीन आलं तेव्हा ते साहजिकच तिच्या ताब्यात गेलं. कंपनीचा माणूस दुपारभर बटणं दाखवून गेला. वहिनी मान डोलावत राहिली. पैकीच्या पैकी मिळवलेल्या बाईने बाळबोध प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचे? घरी ती पुस्तक उघडायची खरी, पण त्यात तेच प्रश्न भेटायचे. दादाच्या अंगठ्याने सोडवलेले. तिला ते बघवायचे नाहीत, ती पुस्तक मिटून टाकायची.

विभागात एक बाई नव्याने लागली होती. चाळिशीची, आधी धुलाईच्या कारखान्यात होती. सगळ्या तिला 'नवीन' म्हणत. नोकरी अजून पक्की व्हायची होती, त्यामुळे जपून वागायची. एका सकाळी वरून दुर्बीण तातडीने हवी म्हणून निरोप आला. नवीनने विचारलं, "ताई, ही पण हिरव्या कापडातच बांधायची ना?"

वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, त्यातच."

अर्ध्यावर मशीन केकाटून बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. सुती कापड तो गॅस पिऊन टाकतं, त्याला वेगळं वेष्टण लागतं, आणि ते वेष्टण मशीनबरोबर आलेल्या खोक्यात तसंच पडून होतं. हे कळेपर्यंत उशीर झाला. रात्रीपासून उपाशी असलेल्या एका आजोबांना ऑपरेशन न करताच पुन्हा वॉर्डात नेलं. मशीन आपणहून थांबलं म्हणून बरं, कुणाला इजा झाली नाही. पण आजोबांची मुलगी जिन्यात रडत उभी होती आणि वहिनी तिच्या शेजारून गेली.

मेट्रनबाई खाली आल्या. "कापडात कुणी बांधलं हे?"

"मी," नवीन म्हणाली.

"अगं, एवढी जाणकार बाई शेजारी असताना एकदा विचारायचंस तरी!"

नवीनने तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनीने उघडलंच नाही.

"हिला उद्या सकाळी माझ्याकडे पाठवा," जाता जाता मेट्रनबाई वहिनीला म्हणाल्या. "अशा माणसांचं इथे काम नाही."

त्या गेल्यावर वहिनीने विचारलं, "तुला शंका आली नव्हती का गं?"

"आली होती ताई. मशीनच्या दारावर चित्र आहे, कापडावर फुली मारलेलं."

"मग परत का म्हणाली नाहीस?"

नवीनने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. "तुम्हाला पैकीच्या पैकी होते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

संध्याकाळी वहिनी हे सगळं मला दुकानात उभ्या उभ्या सांगत होती. तिचे डोळे सुजले होते. मी वकिली सुरू केली. मेट्रनबाईंना सांग, मीच बांध म्हणाले, त्या गडबडीत विसरले. माणूस विसरतो. नवीनची नोकरी वाचेल आणि तुझंही झाकलेलं राहील.

"विसरायला आधी माहीत असावं लागतं, टिटवे."

"वहिनी, उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. सगळे असंच देतात."

"तुझा दादा हेच म्हणाला होता." ती स्टुलावर बसली. "इतकी वर्षं मी त्या बायकांना सांगितलं, शंका आली तर बोला, कुणाला घाबरू नका. आणि ती बोलली नाही. माझ्यामुळे बोलली नाही. विसरले म्हटलं तर ती चौकट भिंतीवर तशीच राहील, आणि उद्या आणखी कुणीतरी तिच्याकडे बघून गप्प बसेल."

मी उगाच शिलाई मशीन चालवत राहिले.

सकाळी तिने चौकट खिळ्यावरून काढली, नवीनला बरोबर घेतलं आणि मेट्रनबाईंच्या टेबलावर ती चौकट ठेवली.

"हे काय बाई?"

"परत," वहिनी म्हणाली. मग सगळं सांगितलं. चौकोनातल्या खुणेसकट. दादाचं नाव मात्र घेतलं नाही; घरात दुसऱ्याने शोधून सांगितलेली उत्तरं मी दिली, असं म्हणाली.

नवीन राहिली. वहिनीचं सर्टिफिकेट रद्द झालं, मशीनचा ताबा गेला, आणि ती पुन्हा पुडकी बांधायच्या टेबलावर आली, नवीनच्या शेजारी. एवढ्यावर भागलं असतं, पण आता सगळ्यांचीच फेरपरीक्षा लागली, तीही रुग्णालयात समोर माणूस बसवून. ज्या बायका तिला ताई ताई करत मागे फिरायच्या, त्या तिला बघून पाणी प्यायला उठू लागल्या. दादा कित्येक दिवस घुश्शात होता. मग एके संध्याकाळी त्याने स्वतःच गॅसच्या मशीनचं पुस्तक उघडलं आणि तिला एकेक प्रश्न विचारायला लागला. उत्तर मात्र सांगत नव्हता. वहिनी अडली की तो बिचारा ओठ चावत बसायचा.

परवा मी कापडांचा गठ्ठा घेऊन तळघरात गेले. वहिनीने एक पुडकं बांधलं, पट्टी चिकटवली आणि पुढे सरकवलं. नवीनने ते उचललं, फिरवून पाहिलं आणि हातातच धरून ठेवलं. टेबलाभोवतीच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"परत," नवीन पुटपुटली.

"मोठ्याने," वहिनी म्हणाली.

"परत!"

वहिनीने पुडकं स्वतःकडे ओढलं, काही न विचारता पट्टी फाडली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.